पडायची गादी

माझ्या सासूबाईंनी पासष्टी उलटल्यावर सायकल घेतली, आणि ती नीट चालवता येण्याआधी त्या पडायला शिकल्या.

त्यांची सगळी नोकरी इस्पितळात, प्लास्टरच्या खोलीत झाली. डॉक्टरांनी हाड बसवलं की यांनी ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि हाड जुळलं की यांनीच ते प्लास्टर करवतीने कापायचं. समोर बसलेल्या प्रत्येकाला त्या एकच विचारत, "कसे पडलात?" बरेच जण सायकलवरून पडलेले असत. "जन्मभर दुसऱ्यांच्या मजेला प्लास्टर घातलं," त्या म्हणायच्या, "आता थोडी मजा मी करते."

मजा म्हणे! तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. खुबा मोडला तर पुन्हा पायावर उभ्या राहाल असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. माझा नवरा हवालदिल झाला.

"आई, विकून टाक ती सायकल."

"अरे, पडायचंच असेल तर बाथरूममध्येही पडेन. तिथे वारासुद्धा लागत नाही."

या बाईशी बोलण्यात कुणाची डाळ शिजली आहे!

तर त्यांनी वरच्या खोलीत जाड कापसाची गादी अंथरली आणि रोज सकाळी निघण्याआधी तिच्यावर पडायला लागल्या. हनुवटी छातीला लावायची, अंग सैल सोडायचं, खांद्यावर वळायचं. "आणि हात पुढे करायचा नाही," त्या मला बजावायच्या. "पडणारा हात पुढे करतो आणि मनगट घालवून बसतो. माझ्या खोलीत निम्मे तसलेच यायचे." मी खाली ओट्याशी चहा करत असायची. वरून त्यांचा आवाज यायचा, "हं... आता!" मग धप्प. भांडी थरथरायची. मी कपाळाला हात लावायची. पण खरं सांगते, हळूहळू तो आवाज आला नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

एक दिवस नवरा आरशासमोर दाढी करत होता आणि मी दूध तापवत होते. वरून आलं, "हं... आता!" आणि धप्प.

"आज आईंना निघायला उशीर झाला वाटतं," मी म्हणाले.

नवऱ्याचा हात थांबला. "आई केव्हाच गेली."

खिडकीतून पाहिलं तर सायकलची जागा रिकामी होती. आम्ही दोघं एकमेकांना धरून वर गेलो. खोलीत कुणी नव्हतं. गादीच्या मधोमध माणसाच्या अंगाएवढा खळगा पडला होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरून वर येत होता. मी हात ठेवला. गादी ऊबदार होती आणि चादरीवर रस्त्यावरची बारीक खडी सांडली होती.

थोड्या वेळाने सासूबाई आल्या. सायकलचं हँडल तिरकं झालं होतं, त्या मात्र खुशीत. "आज पडले गं! वळणावर खडी होती. पण ओरखडासुद्धा नाही. खाली मऊच लागलं. बघ, सरावाचा उपयोग होतो की नाही!"

आम्ही मूग गिळून गप्प बसलो. "तिला सांगू नकोस," नवरा म्हणाला, "घाबरली तर जास्त पडेल." पुन्हा तसंच झालं, तेव्हा चादरीवर ओला चिखल होता आणि सासूबाई एका कुत्र्याला वाचवताना घसरल्या होत्या. त्यानंतर नवरा वरच्या खोलीत पाऊल टाकेना. मी मात्र निर्ढावले. रोज त्या निघाल्या की गादी झटकून सारखी करायची, जशी काही ती माझीच जबाबदारी होती.

मग एक दिवस त्या निघून गेल्या, नवराही कामावर गेला, आणि मी झाडू घेऊन वर गेले. खोलीत गादी नव्हती. जिथे ती असायची तिथली फरशी उजळ दिसत होती, बाकी सगळं जसंच्या तसं. मी नवऱ्याला फोन लावला.

"आई निघाल्यावर, तू अंघोळीला गेलीस तेव्हा माळ्यावर टाकली, दोरीने बांधून," तो म्हणाला. "गादीच नसेल तर आवाज कशाचा येईल?"

"अहो, आवाज जाईल, पण आई कशावर पडतील?"

"अरे देवा," तो म्हणाला. बहुतेक त्यालाही तेव्हाच कळलं. मी फोन टाकला. माळा उंच, शिडी अंगणात. निदान आमच्या पलंगावरच्या उशा तरी आणाव्यात म्हणून मी दाराकडे वळले, आणि अगदी कानाशी, श्वास जाणवावा इतक्या जवळून, सासूबाई म्हणाल्या, "हं..."

खोलीत मी एकटी होते. पुढचा शब्द यायच्या आत मी त्या उजळ फरशीवर अंग झोकून दिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"आता!"

कुणी दिसलं नाही. पण वजन आलं, पुऱ्या माणसाचं, ओळखीच्या केसांच्या तेलाच्या वासाचं. उजव्या मनगटात कट्ट झालं. मग वजन उठून गेलं आणि मी भिंतीला टेकून रडत बसले.

सासूबाई घरी आल्या तेव्हा मी तिथेच होते. त्यांच्या सदऱ्याची बाही फाटून लोंबत होती, कोपरापासून खांद्यापर्यंत डांबर लागलं होतं, आणि अंगावर खरचटल्याची खूण नव्हती. त्यांनी माझं मनगट पाहिलं. जेवणाच्या काट्यासारखं वाकलं होतं. गुडघे टेकून बसल्या, हात अलगद मांडीवर घेतला आणि सवयीने विचारलं, "कशी पडलीस?"

"मी नाही पडले, आई. तुम्ही पडलात."

त्यांनी फरशीकडे पाहिलं. गादी कुठे आहे हे विचारलं नाही. बराच वेळ त्यांचा अंगठा माझ्या हातावरून फिरत राहिला.

"हात पुढे केलास?"

"केला."

"इतकं शिकवलं होतं तुला."

"तुम्ही पडत होतात. हात मागे कसा घेऊ?"

इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

माझं प्लास्टर निघेपर्यंत त्या सायकलला शिवल्या नाहीत. निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी चपला घालून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. कधी कुणाला विचारायची सवय नसलेली बाई, पण विचारलं, "जाऊ?"

मी आधी नवऱ्याला शिडीवर चढवलं. गादी उतरवली, दोर सोडला, ती त्याच जागी अंथरली आणि चारही कोपरे दाबून पाहिले. मग म्हणाले, "जा." आता त्या परत येईपर्यंत मी त्या खोलीच्या दारात बसून असते.