घोडीला कोणी पाहिलेच नव्हते

ते प्रकरण आठवले की आजही माझे डोके तापते. नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता विस्मरणात गेली. खुनाची गेली, दरोड्याची गेली. हे मात्र गेले नाही, आणि त्याचा रागही गेला नाही. त्यातला बराचसा राग माझ्या स्वतःवर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

नव्वदीचे दशक संपत आले होते. बडोद्याच्या पश्चिमेला, वासण्याच्या पुढे, शेतांचे प्लॉट पडत होते. नवे बंगले उठत होते, आणि त्या बंगल्यांतल्या मुलांसाठी नवनवे वर्ग निघत होते. स्केटिंगचा, कॉम्प्युटरचा, पोहण्याचा. एकाने घोडेस्वारीचा वर्ग काढला. चार घोडी, पत्र्याची पागा, कुंपण घातलेले गोल मैदान आणि फाटकावर मोठी पाटी. तो भाग माझ्या ठाण्याच्या हद्दीत होता. मी तिथे पी.आय. होतो.

एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ठाण्यात फोन आला. त्या दिवशी पालकांसमोर मुलांचे प्रात्यक्षिक ठेवले होते. तेरा वर्षांची एक मुलगी घोडीवरून पडली. पडताना तिचा पाय रिकिबीत अडकला आणि घोडीने तिला पार कुंपणापर्यंत फरफटत नेले. मी पोहोचलो तेव्हा मुलीला इस्पितळात हलवले होते. कारेलीबागेतल्या मराठी घरातली पोर. वडील रिफायनरीत, आई शाळेत शिक्षिका. मणक्याला मार होता आणि ती बेशुद्ध होती.

वर्गाचा मालक फाटकातच उभा होता. गुडघ्यापर्यंतचे बूट, डोक्यावर हॅट, चाळिशीचा. हात जोडून म्हणाला, "साहेब, मारो मोतद्दार दारू पीने आव्यो हतो. घोडीला काठी मारली, ती बिथरली. मी रोज सकाळी प्रत्येक जनावर स्वतः तपासतो. घोडी एकदम बराबर हती."

मोतद्दार म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस. हा साठीचा, काटक, डोक्यावर काळी टोपी. त्याचे आजोबा संस्थानच्या पागेत होते, माझेही आजोबा संस्थानच्या फौजेत होते. पण हे मला नंतर कळले. तेव्हा मला एवढेच कळले की त्याच्या अंगाला स्पिरिटचा भपकारा येतो आहे. गुजरातेत दारूबंदी. दारूचा वास आला की पोलिसाचे डोके तिथेच थांबते. माझेही थांबले.

ठाण्यात आणून मी त्याला विचारले, "किती प्यायला होतास?"

तो म्हणाला, "साहेब, घोडीला पाणी कोणी पाजलं का? ती सकाळपासून तशीच बांधलेली आहे."

मी त्याच्या कानशिलात दोन लगावल्या. टोपी खाली पडली. ती उचलायला तो वाकला नाही, माझ्याकडे पाहत उभा राहिला. हवालदाराने ठरलेला मजकूर कागदावर उतरवला: तोंडास दारूचा वास, डोळे लाल, तोल जात होता. तोल जात नव्हता. तो खांबासारखा सरळ उभा होता, आणि मी खाली सही केली. नियमाप्रमाणे त्याला वैद्यकीय तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवले, परत आल्यावर लॉकअपमध्ये टाकले आणि प्रकरण संपले असे समजून मी जेवायला गेलो.

सोमवारी सकाळी आठ वाजता मांडवीकडचा एक नालबंद ठाण्यात आला. पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांना नाल ठोकणारे घर. म्हातारा बाकावर बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "साहेब, तुम्ही माणसाला पकडला. घोडीला बघितली का?"

"म्हणजे?"

"गुरुवारी मी नाल बदलायला गेलो हतो. ती रेवा घोडी पाठीला हात लावू देत नव्हती. खोगिराखाली पाठ सडलेली हाय. मोतद्दाराने माझ्यासमोर शेठला सांगितलं, पंधरा दिवस हिच्यावर खोगीर घालू नका. शेठ हसला. आता आज दुपारी टेम्पो येणार हाय, घोडीला बाहेरगावी धाडून देणार."

"तुला हे कोणी सांगितलं?"

"टेम्पोवाल्याने मलाच विचारलं, घोडीला चढवायला येशील का."

खरे तर हे म्हाताऱ्याने येऊन सांगायची गरजच नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला मी दोन वर्षे पोलिसांच्या अश्वदलात काढली होती. तिथे पहिला महिनाभर आम्हाला कोणी घोड्यावर बसू दिले नाही. पहाटे खरारा करायचा, खूर उचलून त्यातले खडे काढायचे, पाणी दाखवायचे, पाठीवरून हात फिरवायचा. आमचे उस्ताद म्हणत, पाठीवर बसायचं असेल तर आधी पाठ बघा. शांत घोडे अचानक उधळले तर तीन ठिकाणी बघायचे: पाठ, तोंड, खूर. हे मला झोपेतही सांगता आले असते. रविवारी मी माणसे पाहिली, पंचनामा केला, आणि दहा हातांवर बांधलेल्या घोडीकडे एकदाही गेलो नाही.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. दमलेल्या घोड्याचे पाय स्पिरिटने चोळतात. मी लॉकअपमध्ये गेलो आणि मोतद्दाराचे हात नाकाशी धरले. वास हातांना होता, तोंडाला नव्हता. टेबलावर येऊन कालचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र पाहिले. त्यात स्पष्ट लिहिले होते, नशेची कोणतीही लक्षणे नाहीत. तो कागद रविवारी दुपारपासून माझ्या टेबलावर पडून होता.

दोन पंच आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना घेऊन मी पागेवर पोहोचलो. रेवा कोपऱ्यात बांधली होती. पांढरी, बेताच्या उंचीची. मी डाव्या बाजूने, तिला दिसेल असा, बोलत बोलत गेलो. मानेवर हात ठेवला. ती उभी राहिली. हात मागे सरकवत खोगिराच्या जागी आणला, तसे तिचे कान मागे गेले, कातडी थरथरली आणि ती गुडघ्यात बसायला लागली. केसांवर पावडर टाकली होती. ती पुसल्यावर तळहाताएवढी जखम दिसली. कडा जाड झालेल्या, मध्ये पू. डॉक्टरांनी पाहून लेखी मत दिले की जखम निदान आठ-दहा दिवसांची आहे.

रविवारी जप्त केलेले खोगीर आणि त्याखालचा जाड लोकरीचा नमदा मात्र कोरे करकरीत होते. एवढ्या जखमेवर घातलेल्या नमद्याला साधा डागही नाही? मग मी पागेत फिरलो. मोतद्दार कालपासून आमच्याकडे, त्यामुळे घोडी बांधायच्या चारही ठाणांत लीद तशीच साचलेली, बादल्या कोरड्या. पण मागचा लिदीचा खड्डा ताजा उकरलेला दिसत होता. ज्या पागेत काल दुपारपासून कोणी झाडू हाती घेतला नाही, तिथे खड्डा कोणी उकरला? फावडे लावले. हातभर खाली गादीच्या फोमचा एक जाड तुकडा निघाला. पू, रक्त आणि पांढरे केस चिकटलेले. पंचांच्या सह्या घेऊन तो सीलबंद केला.

मालकाला तिथेच बोलावले. तो अजूनही तेच म्हणत होता, "मी रोज स्वतः तपासतो, साहेब. भिंतीवर माझं सर्टिफिकेट बघा."

मी शांतपणे म्हणालो, "मग तपासून दाखवा. रेवाला हात लावू नका. तो पलीकडचा घोडा घ्या, आणि फक्त मागचा खूर उचला."

तो सरळ मागून गेला. ज्याला घोड्याची एबीसीडी येते तो माणूस मागून जात नाही. घोड्याने लाथ झाडली, मालक भिंतीला चिकटला.

"हे नोकराचं काम," तो म्हणाला.

"मग खोगिराचा तंग दाखवा. तो बसवताना पोटाशी किती बोटं जागा ठेवायची?"

त्याने भलताच पट्टा उचलला. सर्टिफिकेट काढून आणायला लावले. छपाईच्या दुकानात बनवून घेतलेले होते. ज्या संस्थेचे नाव होते ती संस्थाच नव्हती. हा माणूस दीड वर्ष लोकांच्या मुलांना घोड्यावर बसवत होता.

ठाण्यात आणून फोमचे पाकीट समोर ठेवले. मी त्याच्या अंगाला हात लावला नाही. इच्छा फार होती. तासाभराने तो बोलायला लागला. चार घोड्यांत लहान मुलांना चालेल अशी शांत घोडी एकच, रेवा. पालक बोलावलेले, कार्यक्रम रद्द केला तर नाव खराब होईल. मोतद्दाराने खोगीर घालायला नकार दिला, तेव्हा यानेच जखमेवर फोम टाकून तंग आवळला.

"साहेब, अर्ध्या तासाचा तर प्रोग्राम होता," तो म्हणाला.

अर्ध्या तासाचा. हे वाक्य मी त्याच्या जबाबात जसेच्या तसे घ्यायला लावले.

तीन दिवसांनी मुलगी शुद्धीवर आली. डॉक्टरांच्या परवानगीने आईसमोर तिचा जबाब घेतला. हळू आवाजात, थांबत थांबत सांगत होती.

"मोतद्दार काका सरांना म्हणत होते, आज हिला सोडा. सर म्हणाले, तू बोलू नकोस. मी जवळ गेले तेव्हा रेवाने कान मागे केले. काकांनी शिकवलं होतं, कान मागे गेले की बसायचं नाही. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, पप्पा-मम्मी बघतायत, बस. म्हणून बसले."

पायात तिच्या साधे कॅनव्हासचे बूट होते, विनाटाचेचे. रिकीबही मोठ्या माणसाची. टाच असती तर पाय रिकिबीत आरपार गेला नसता. घोडेस्वारीच्या पहिल्या दिवशी शिकवायची ही गोष्ट.

थोड्या वेळाने तिने विचारले, "रेवाला मारलं नाही ना कोणी?"

तिची आई उठून बाहेर गेली. वऱ्हांड्यात मला म्हणाली, "बारा-पंधरा पालक होतो आम्ही. सगळे फोटो काढत होतो. त्या म्हाताऱ्याचं बोलणं मीही ऐकलं होतं, साहेब. नोकर म्हणून सोडून दिलं."

मीही तेच केले होते.

निष्काळजीपणाने गंभीर दुखापत, पुरावा नष्ट करणे, जनावराशी क्रूरता आणि खोटे प्रमाणपत्र, अशी कलमे लावून दोषारोपपत्र पाठवले. खटला वर्षानुवर्षे चालला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. दरम्यान मालकाने जमीन विकली आणि तिथे सोसायटी उभी राहिली. मुलगी पुढे कॅलिपर लावून चालायला लागली. रेवाला एका पांजरापोळीत ठेवले. तिची पाठ भरायला दोन महिने लागले. तोवर मोतद्दार तिच्याबरोबर तिथेच राहिला.

त्याला मी सोमवारी दुपारीच सोडले होते. डायरीत कारण लिहिले, खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणालो, "काका, माझी चूक झाली. मी हात उगारायला नको होता."

त्यांनी चहा घेतला नाही. टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली.

"साहेब, आमच्या पागेत एक रीत होती. ज्याचा हात डोळ्यांच्या आधी चालतो त्याला घोड्याजवळ ठेवायचा नाही. तो माणूस वाईट असतो असं नाही. पण जनावर त्याच्या हाती द्यायचं नाही."

एवढे बोलून ते रेवाला पाणी द्यायला निघून गेले. ठाण्यात पाच-सहा शिपाई होते. सगळ्यांनी ऐकले. मी कोणाकडे पाहिले नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी तपासाच्या पद्धतीबद्दल बरेच सांगू शकतो. पण खरे सांगायचे तर नवे काहीच शिकलो नाही. घोडी बघायची, वास कुठून येतो ते बघायचे, डॉक्टरचा कागद वाचायचा, हे सगळे मला आधीपासून येत होते. मुलीच्या आईलाही ऐकू येत होते, त्या मुलीलाही कळत होते. बूट आणि हॅट घातलेला माणूस बोलला, आणि आम्ही सगळ्यांनी आपल्याला येत असलेले बाजूला ठेवले. त्यातल्या तेरा वर्षांच्या एकीनेच निदान एकदा तोंड उघडून सांगितले होते. तिचे ऐकायला तिथे पोलीस नव्हता. पोलीस नंतर आला, आणि त्याने पहिला हात टाकला तो तिला खरे शिकवणाऱ्या माणसावर.