कोकरे सरांनी ठेवलेली चूक

कोकरे सर गेल्याचं मला बी.एस्सी.च्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मी इतिहास शिकवतो, पण इतिहासवाल्यालाही थोडं रसायन कळू द्या म्हणून सरांनी मला त्यात घातलं होतं. सकाळी त्यांनी आजारपणात घरूनच नव्या धड्याच्या व्हिडिओची लिंक टाकली होती. त्याखाली भांडगावच्या अश्विनीनं विचारलं होतं, ‘सर, यात चूक कुठंय? दोनदा बघितला.’ दुपारी त्याखाली सरांच्या मुलाचा निरोप आला... मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि तिचा प्रश्न वर सरकत दिसेनासा झाला.

सर मांडवगण फराट्याहून मोटारसायकलवर दौंडला आमच्या कॉलेजात यायचे. वडिलांनी मेंढरं राखली, मुलगा रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि दोन्हींतलं अवघड काम कोणतं यावर त्यांचं मत वडिलांच्या बाजूचं होतं. आमच्या डिजिटल वर्गाचं उद्घाटन झालं तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी नव्या कोऱ्या स्मार्ट बोर्डावर न पुसल्या जाणाऱ्या मार्करनं ‘शुभेच्छा’ असं ठसठशीत लिहिलं. टाळ्या थांबल्यावर सर माझ्या कानाशी म्हणाले, ‘चला, खडू वाचला.’ त्या बोर्डाच्या वाटेला ते फारसे गेले नाहीत. मात्र प्रयोगशाळेतल्या स्टँडला मोबाईल अडकवून त्यांनी स्वतःचे धडे रेकॉर्ड करायला घेतले. निम्मी मुलं कुरकुंभच्या रसायन कारखान्यांत पाळीत कामाला. रात्रपाळी करून आलेली पोरं वर्गात पेंगायची. आता ती बसमध्ये, कँटीनमध्ये धडा बघू लागली. वर्ग ओस पडला, पण विचारावं त्याचं उत्तर एकच, ‘समजलं, सर.’

एका व्हिडिओत सरांची जीभ घसरली. तीव्र आम्ल पातळ करताना ते पाण्यात हळूहळू ओतायचं असतं. उलट आम्लात पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतं. सर बोलण्याच्या ओघात नेमकं उलटं सांगून गेले. अंतर्गत परीक्षेत झाडून सगळ्यांनी तसंच लिहिलं. आमच्या कॉलेजात इतकं एकमत पूर्वी कशावरच झालं नव्हतं, असं मी म्हणालो. सर हसले नाहीत. पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसून राहिले. ‘अहो, ही पोरं उद्या कुरकुंभात टाकीपाशी उभी राहणार,’ ते म्हणाले. ‘आन् माझं ऐकून उभी राहणार.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात चूक कबूल केली आणि विचारलं, ‘व्हिडिओ थांबवता येतो ना रे? मग मला का न्हाई थांबवलं?’ मागून एकजण म्हणाला, ‘तुम्ही सांगताय म्हंजी बरोबरच असणार की, सर.’ एवढा आदर आमच्यातल्या बाकीच्यांना सुखावून गेला असता. सरांना त्याची धास्ती बसली.

तो व्हिडिओ त्यांनी काढून टाकला. पुढच्या प्रत्येक व्हिडिओत मात्र सांगून-सवरून एक चूक ठेवली, कुणाचा हात भाजणार नाही अशी. सापडेल त्यानं शनिवारी वर्गात यायचं, फळ्यापाशी उभं राहून ती सिद्ध करायची. सर शेवटच्या बाकावर बसून चुकीच्या बाजूनं भांडायचे. ‘पुस्तकात असंच हाय, मॅडम,’ ते अश्विनीला म्हणायचे. ‘मग पुस्तक बदला, सर,’ ती म्हणायची. ही पोरगी शनिवारसाठी कारखान्यातली पाळी बदलून घ्यायची. सगळेच काही तिच्यासारखे नव्हते. काहीजण दुसऱ्याला सापडलेली चूक स्वतःची म्हणून खपवायचे. सरांना ते ठाऊक होतं. चोरायला तरी समजून घ्यावं लागतं, म्हणायचे.

तपासणी समिती येणार म्हटल्यावर प्राचार्यांनी चुका काढून टाकायला सांगितलं. सरांनी काढल्या नाहीत. समितीतल्या एका गृहस्थांनी अख्खा व्हिडिओ मान डोलावत पाहिला आणि अभिप्रायात ‘निर्दोष सादरीकरण’ असं लिहिलं. त्या दिवशी सर मोटारसायकलला किल्ली लावायची विसरून हसत उभे होते.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी त्या वर्गात गेलो. सवयीनं मागं जाऊन बसायला लागलो, तर एक मुलगा हलकेच म्हणाला, ‘सर, तिथं नका.’ मी पुढं सरकलो. शेवटचा व्हिडिओ स्मार्ट बोर्डावर लावला गेला. आवाज खोल गेलेला, मधेच दम लागून थांबलेला... बोर्डाच्या कोपऱ्यात पाहुण्यांच्या शुभेच्छा अजून पुसट दिसत होत्या. अश्विनीनं एके ठिकाणी व्हिडिओ थांबवला. समीकरणात ऑक्सिजनचे अणू दोन्ही बाजूंना जुळत नव्हते. तिनं ते खडूनं फळ्यावर मांडलं. मग कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, ‘आजारी होते... खरंच चुकले असतील.’

अश्विनी खडू हातात धरून उभी होती.

‘ठेवलेली असू दे न्हाईतर झालेली,’ ती म्हणाली. ‘थांबवायचं होतं, थांबवलं.’

आणि ती शेवटच्या बाकाकडे बघत राहिली, नेहमीसारखी. शेवटी तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला, ‘पण पुस्तकात असंच हाय, मॅडम.’

तिनं डोळे पुसले, फळा पुसला आणि पहिल्यापासून मांडायला घेतलं.