घोटून घेतलेली जबानी

"थांब, थांब. परत पहिल्यापासून," बाई म्हणाल्या.

"सगळं?"

"सगळं. मध्ये अडकलं की मागं जायचं. आणि हात मांडीवर ठेव गं. बटणाशी चाळा केलास की समोरच्याला वाटतं, ही काहीतरी लपवतेय."

शिवणवालीनं हात मांडीवर ठेवले आणि परत सुरू केलं, "माझं शिवणाचं दुकान होतं. दुकानात मी आणि माझा भाऊ काम करत होतो. दुपारची वेळ होती..."

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हे चाललं होतं. पुढच्या खोलीत लोकांनी दिलेल्या कपड्यांचे ढीग, मागच्या खोलीत एक डुगडुगतं टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पाणी उकळायची किटली. खालचा रबराचा वास जिन्यानं वर यायचा तो थेट चहात उतरायचा. आपला मुलूख सोडून, जीव मुठीत धरून आलेल्या माणसांना आसरा मिळवून द्यायला धडपडणारी ही संस्था. पगारी माणसं नावाला, बाकी सगळे बाईंसारखे, घरचं खाऊन राबणारे.

बाई निवृत्त शिक्षिका. जन्मभर पहिली-दुसरीची पोरं हाकलेली. पाठांतर करून घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चारचौघांत चड्डी ओली करणारं पोर असलं तरी बाईंच्या हाताखालून गेलं की कविता घडाघडा म्हणून दाखवायचं. पद्धत साधी. एक वाक्य धरायचं, घोटायचं, ते बसलं की दुसरं जोडायचं. निवृत्तीनंतर विद्यार्थी उरला नवरा. तो आयुष्यभर क्रेन चालवून घरी बसलेला. त्याला भांडी कशी लावायची, टॉवेल कुठं वाळत घालायचा, हे सगळं शिकवून झालं. शेवटी तो म्हणाला, "अगं, मी नापास झालो म्हण आणि दुसरं कुणीतरी बघ." तशा बाई इथं आल्या.

संस्थेची वकिलीण बाईंच्याच वर्गातली जुनी पोर. तिनंच शिवणवालीला त्यांच्याकडे दिलं. "बाई, हिची पहिली जबानी पार विस्कटलीय," ती म्हणाली. "आधी भाऊ गेल्याचं सांगते, मग एकदम सकाळचं सांगते, मग रडते. अधिकाऱ्यानं लिहिलंय, बोलण्यात मेळ नाही. आता शेवटची सुनावणी. तिला जरा धीर द्या, क्रमानं बोलायची सवय लावा."

सुनावणीत हो झालं, तर तिकडे बहिणीकडे ठेवलेली लेक शिवणवालीला बोलावून घेता येणार होती. नाही झालं, तर हिचीच परत रवानगी. आणि तिकडे भावाला उचलून नेणारे लोक अजून तिथंच होते.

बाईंनी कंबर कसली. पण शिवणवालीची गाडी दरवेळी एकाच ठिकाणी घसरायची.

"माणसं आत आली. मी कापायच्या टेबलाखाली लपले. बाई, इस्त्री चालू होती. शर्टावरच राहिली..."

"इस्त्री राहू दे."

"पण तो शर्ट एका नवरदेवाचा होता. जळायला लागला. मला नुसता वास..."

"हे बघ, तुझ्या भावाला नेलं. त्यात इस्त्रीचं काय मध्येच? तू इस्त्रीपाशी आलीस की रडतेस आणि रडलीस की पुढचं विसरतेस. गाळून टाक ती."

इस्त्री गळली. गाडी खरंच सुरळीत चालायला लागली. दुभाष्यालाही बाईंनीच नको म्हटलं. "आपल्या तोंडानं सांगितलेल्याला वजन असतं," म्हणाल्या. वकिलिणीच्या कपाळाला आठी पडली. पण ज्यांच्यासमोर लहानपणी हात पुढं करून छड्या खाल्ल्या, त्यांच्यापुढं तिचं तोंड उघडेना. शिवणवाली इथल्या भाषेत, बाईंच्याच शब्दांत, बाई थांबायच्या तिथंच थांबत, न अडखळता सगळं म्हणायला लागली. बाईंच्या जिवाला बरं वाटलं.

सुनावणीची खोली लहान, खिडकी नसलेली. अधिकाऱ्याला सर्दी झालेली, तो सारखा नाक पुसत होता. बाईंना मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी मिळाली. शिवणवालीनं हात मांडीवर ठेवले आणि सुरू केलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. बाई मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हणत होत्या.

"मी टेबलाखाली लपले. त्यांनी माझ्या भावाला नेलं. मी बाहेर आले, तेव्हा..."

"एक मिनिट," अधिकारी म्हणाला. "टेबलाखालून तुम्हाला काही दिसत नव्हतं म्हणता. मग ते गेले, हे कशावरून कळलं? बाहेर कधी यायचं, ते कसं ठरवलं?"

बाईंना उत्तर ठाऊक होतं. पहिल्या दिवशीच शिवणवालीनं ते रडत रडत सांगितलं होतं. शर्ट जळत होता, दुकानात धूर भरत होता आणि ती इस्त्री उचलायला कुणाचाच हात पुढं येत नव्हता. भाऊ दुकानात असता तर त्यानं आधी इस्त्री उचलली असती. तेवढ्यावरून तिनं ओळखलं होतं, की दुकान रिकामं झालं.

शिवणवालीच्या पाठात हे नव्हतंच. तिनं मान वळवून बाईंकडे पाहिलं, फळ्यापुढं अडकलेलं पोर पाहतं तसं.

आणि बाईंचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. इतक्या वर्षांची खोड ती, बाई आवरायच्या आत हलून गेले. माझं शिवणाचं दुकान होतं.

"माझं शिवणाचं दुकान होतं," शिवणवालीनं सुरुवात केली. "दुकानात मी आणि माझा भाऊ..."

अधिकाऱ्यानं नाक पुसायचं थांबवलं. तिची नजर गेली होती तिकडे त्याची नजर गेली. मग तो शांतपणे म्हणाला, "मागच्या बाईंना बाहेर बसवा."

बाहेरच्या बाकावर बाई बसून राहिल्या. दारातून काही ऐकू येत नव्हतं. पाण्याच्या यंत्रात मधूनच बुडबुडा फुटायचा, तेवढाच आवाज.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "चहा टाकतो." आणि उठला.

निकाल वकिलिणीनं आणला. निवेदन पाठ केलेलं, दुसऱ्यानं पढवलेलं. विश्वास ठेवता येत नाही. अर्ज नामंजूर.

"वर अपील करू ना?" बाई म्हणाल्या. "इस्त्रीचं सांगू दे तिला. खरंच आहे ते, पहिल्या दिवसापासून सांगत होती ती मला. मी शपथेवर सांगते."

"अपील करणारच आहे," वकिलीण म्हणाली. "पण बाई, इस्त्रीचा विषय आता काढला तर ते काय म्हणतील? हेही त्याच बाईंनी पढवलं. आणि तुमची शपथ... तुमचं नाव आता कागदावर न आलेलंच बरं." आयुष्यात पहिल्यांदा ती बाईंना असं बोलली आणि बोलून झाल्यावर खाली बघत राहिली.

अपिलाचा निकाल येईपर्यंत परत धाडायच्या माणसांना ज्या इमारतीत ठेवत, तिथं हजर व्हायच्या आदल्या दिवशी शिवणवाली संस्थेत वर आली. तिची पिशवी लहानच होती. तिला राग आलेला नव्हता. आला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"बाई, मी कुठं चुकले?"

"नाही चुकलीस."

"शब्द विसरले का मी?"

"नाही गं. सगळं बरोबर म्हटलंस."

"मग?"

बाई तिच्या पिशवीचा पट्टा सरळ करत राहिल्या. शिवणवाली कोटाची बटणं लावून जिना उतरून गेली.

मागच्या खोलीत एक म्हातारा येऊन बसला होता. त्याचीही सुनावणी जवळ आलेली. बाई सवयीनं त्याच्यासमोरची खुर्ची ओढायला गेल्या, तेवढ्यात वकिलीण आत आली. "ह्यांच्याशी मी बोलते, बाई. तुम्ही पुढचं बघाल का? कपड्यांची गाडी आलीय."

"बघते की," बाई म्हणाल्या.

खाली गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून ओरडत होता, "अहो, उतरवताय की माघारी नेऊ?" बाईंनी बाह्या वर सारल्या, कठड्याला धरून जिना उतरल्या आणि पहिलं गाठोडं पोटाशी धरलं. पुढच्या खोलीत नेऊन त्याची गाठ सोडली. थोरांचे स्वेटर एकीकडे, पोरांचे एकीकडे, विटलेले तिसरीकडे, असं करत त्या खाली मान घालून निवडत राहिल्या. भिंतीपलीकडे म्हातारा काहीतरी सांगत होता, मध्येच थांबत होता, कुठल्या तरी गाढवाबद्दल बोलत होता.