फाटकात फुंकलेला शंख

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण पुढे अख्खी गल्ली डोळे पुसत आमच्या दारात उभी राहणार आहे, आणि मी तिला "या, या, पुढे बसा!" म्हणणार आहे!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आलेला. बायको वैजू मात्र तिथलीच, जयनगरात वाढलेली. आम्ही तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या घरातच राहायचो. तिथल्या मराठी मंडळात मला दोन वर्षं काम काय होतं? खुर्च्या मांडायचं. आणि कार्यक्रम संपल्यावर? त्याच खुर्च्या उचलायचं!

तिसऱ्या वर्षी मी हट्टच धरला. गणपतीत मुलांचं नाटक मीच बसवणार! बेटावर अडकलेल्या मुलांची एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे बघा. मोठं माणूस एकही नाही, आणि पुढारी कोण यावरून पोरं एकमेकांच्या जिवावर उठतात. ज्याला अक्कल आहे त्याचं कुणी ऐकत नाही, ज्याचा आवाज मोठा त्याच्यामागे सगळे धावतात. म्हटलं, मंडळाच्या कार्यकारिणीला हे दाखवायलाच हवं!

अध्यक्ष गोपाळअण्णा शब्द मोजून वापरणारे. म्हणाले, "सरी, ठीक आहे. रविवारी तालीम बघायला येतो. पोरं आवरता आली तर नाटक. नाहीतर दरवर्षीसारखा फॅन्सी ड्रेस."

पोरं आवरायची? कादंबरीतल्या मुलांना रानटी व्हायला बरीच पानं लागतात. आमच्या अंगणातली वीस पोरं पहिल्या संध्याकाळीच झाली होती!

पण मी मागे हटणाऱ्यांतला नव्हे. मी कादंबरीतलाच उपाय उचलला. त्यातली मुलं शंख फुंकून सभा भरवतात, आणि ज्याच्या हातात शंख त्यानेच बोलायचं असा त्यांचा कायदा असतो. मी आप्पांच्या देवघरातला शंख घेतला आणि जाहीर केलं, "ज्याच्या हातात शंख नाही, त्याने तोंड उघडायचं नाही!" नियम सगळ्यांना लागू. वैजूलासुद्धा.

आता शंख हातात धरणं वेगळं आणि वाजवणं वेगळं. आठवडाभर नुसतं फुस्स! गाल सुजले, ऑफिसात लोक दाढ दुखते का विचारू लागले. मी ऐकतोय कसला? पहाटे उठून फुस्स, रात्री जेवून फुस्स.

रविवार आला. पोरं गल्लीभर पांगलेली, अण्णा कुठल्याही क्षणी टपकणार. आप्पा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून दोनच दिवसांपूर्वी घरी आले होते, ते आत झोपलेले. मी शंख घेऊन तडक फाटकात गेलो.

वैजू मागून धावत आली. "अहो, फाटकात नको! इथे दारात शंख म्हणजे..."

"शंख कुणाच्या हातात आहे?"

"तुमच्या. पण स्वल्प ऐका की! आमच्याकडे..."

"नियम म्हणजे नियम! मीच मोडला तर पोरं काय शिकतील?"

तिने शंखासाठी हात पुढे केला. मी दिला का? छे! छाती भरून श्वास घेतला आणि फुंकला.

आणि काय सांगू, वाजला हो! असा वाजला की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. मला इतका आनंद झाला की आणखी दोनदा वाजवला.

पोरं? एक फिरकलं नाही. आल्या त्या शेजारच्या सरोजाक्का, तोंडाला पदर लावून. मग समोरचे राव. मग कोपऱ्यावरचे, पलीकडचे, सगळेच. एकाच्या हातात तर शेवंतीचा हार! म्हटलं, बघा शंखाची ताकद! आधीच प्रेक्षक, वर दिग्दर्शकाचा सत्कार! "या, या, पुढे बसा!" म्हणत मी नम्रपणे मान पुढे केली. हारवाला दचकून मागे सरला.

रावांनी मला मिठी मारली. हिंदीत म्हणाले, "धीर धरा."

"आठवडाभर धीरच धरतोय हो!"

"फार त्रास झाला का?"

"झाला तर! कुणाचं काही ऐकायलाच तयार नाहीत. पण आज एकदाचा निकाल लावतो."

रावांनी मिठी सोडली.

तिकडे सरोजाक्का वैजूच्या हातात कॉफीचा मोठा थर्मास देत होत्या. वैजूच्या शेजारात जन्म गेला, त्यामुळे मराठी छान बोलायच्या. म्हणाल्या, "आज चूल पेटवू नको गं. रात्रीचं जेवण आमच्याकडून येईल."

वैजू तरातरा आली आणि तिने माझ्या हातातला शंख हिसकावला.

"आता माझ्या हातात आहे ना? मग ऐका! देवघरात वाजला तर पूजा. आमच्या इकडे दारात उभं राहून शंख फुंकतात तो घरात कुणी गेलं की!"

म्हणजे आप्पा? आप्पांना दोघांच्या आधाराने रिक्षातून उतरताना सगळ्या गल्लीने पाहिलं होतं!

तेवढ्यात दार उघडलं. काळा चष्मा लावलेले आप्पा उंबऱ्यात उभे. "कॉफीचा वास कुठून येतोय? मलाही स्वल्प द्या की."

सरोजाक्का किंचाळल्या. हारवाल्याच्या हातून हार पडला. आप्पांनी एका डोळ्याने हार पाहिला, मग गर्दी, मग मला. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेमके तेव्हाच गोपाळअण्णा फाटकातून आत आले.

"बसा सगळे," आप्पा म्हणाले. "आलाच आहात तर नाटक बघून जा. माझ्या नावाने आलेली कॉफी मीही पितो."

वैजूने शंख कोनाड्यात ठेवला आणि गल्लीकडे तोंड करून एकच हाक मारली, "चला रे!" वीसच्या वीस पोरं येऊन गुमान रांगेत बसली. तालीम झाली, आणि फक्कड झाली!

"नाटक होणार," अण्णा म्हणाले. "पण पुढारी कोण, ते पोरंच ठरवतील. कोण हवं?"

"वैजूअक्का!" सगळे हात वर. हक्क नसताना सरोजाक्कांचाही. आप्पांनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला. मीही हात वर केला.

"आणि मी?" मी विचारलं.

त्या कथेत डोंगरावर पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकलेलं एक मढं असतं. पोरं त्याला राक्षस समजून घाबरतात. ते काम वैजूने मला दिलं. मी ते अगदी जीव ओतून केलं. नाटकभर डोळे मिटून लटकत राहिलो, डास चावले तरी हललो नाही.

प्रयोगानंतर सरोजाक्का मुद्दाम आत येऊन भेटल्या. म्हणाल्या, "सगळ्यांत चांगलं काम तुमचं झालं बघा. एक शब्द म्हणून बोलला नाहीत!"