दिगंबर सरांचा मोडायचा शनिवार

पाचवीतल्या मुलाच्या कोपराला लागतील एवढ्या उंचीची बाभळीची टेबले. लहान मुठीत मावतील अशा मुठी बसवलेल्या करवती. भिंतीवर प्रत्येक हत्याराची काळी आकृती, म्हणजे कोणते परत आले नाही ते लगेच दिसावे. हे सगळे दिगंबर सरांनी शाळेतल्या आपल्या हस्तकामाच्या वर्गासाठी स्वतःच्या हाताने केले. टेबलाच्या सांध्यात एकही खिळा नाही. मी वाकून पाहिले आहे. कोणत्याही कॉलेजात न जाता मी वेल्डिंग आणि सुतारी शिकलो, त्यामुळे अशा बाबतीत दुसऱ्याच्या सांगण्यावर जात नाही.

सर प्रथम धामणगावच्या माझ्या दुकानात आले, ते एका विद्यार्थिनीला घेऊन. तिला लोखंडी चौकट हवी होती.

"ठेवून जा सर, दहा मिनिटांत करून देतो."

"तुमाले येते, हे दिसूनच राहिलं," सर म्हणाले. "तिले येऊ द्या ना!"

तिला ती येईपर्यंत दुपार गेली. मी चिडलो होतो. तरी पुढच्या शनिवारी दुकान बंद करून त्यांच्या वर्गात गेलो, आणि जातच राहिलो. माझ्याकडे कसलेही प्रमाणपत्र नाही, पण सरांनी मुलांना माझी ओळख "तुमचे दुसरे सर" अशी करून दिली.

चौकट त्या मुलीच्या भाजी विकणाऱ्या आईसाठी होती. चौकटीवर ओले गोणपाट टाकायचे, म्हणजे खालच्या सांबाराच्या, आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या, जुड्या उन्हात कोमेजणार नाहीत. सरांचा नियम असा, की ज्याच्यासाठी वस्तू केली त्याने ती वापरली पाहिजे. त्याने बाजूला ठेवली, तर कारण विचारायचे आणि करणाऱ्याने शनिवारी ती स्वतःच्या हाताने मोडून पुन्हा करायची. चार दिवसांत चौकट बाजूला पडली. सर बाजारात त्या माउलीशेजारी पोत्यावर जाऊन बसले.

"काहून ठेवली बाई बाजूला?"

"गिऱ्हाइकाले सांबार दिसतच नाही सर. थंडगार ठेवून काय करू, वापस घरी नेऊ?"

सर एवढे हसले, की शेजारची मिरचीवाली म्हणाली, "मास्तर, हसल्यानं भाव कमी नाही होत इथं!"

मुलीने रडत रडत चौकट मोडली. सरांनी हात लावला नाही. फक्त रुमाल पुढे केला. दुसरी चौकट तिने पुढून उघडी ठेवली. ती आजही बाजारात उभी आहे.

सरांच्या साठीनिमित्त उमेद देणारे लिहा, असे गौरव समितीने कळवले. मला ते जमत नाही. सर निवृत्त होताच शाळेने वर्गाची खोली सराव परीक्षांना दिली. टेबले व्हरांड्यात उन्हात पडली, सांधे उकलले. सरांनी भाड्याची खोली घेतली. पालक येतात, विचारतात, "हे परीक्षेत येते का?" सर खरे ते सांगतात. पालक मुलाचा हात धरून निघतात. गेल्या शनिवारी एकही मूल आले नाही. सर करवतींना तेल लावत बसले होते.

"सर, बंद करू आता," मी म्हणालो.

"तुमी जा घरी. मी पाचपर्यंत बसतो."

त्यांच्यानंतर हे करणारा मला कोणी दिसत नाही.

सरांचे डोळे, गुडघे आणि हात धड राहोत, त्यांना भरपूर वर्षे मिळोत. वर्गासाठी काही मागण्याची हिंमत होत नाही. गेल्या महिन्यात अमरावतीचे एक शिकवणीवाले आले होते. त्यांचा प्रस्ताव असा: मुलांना विकायला सुटे भाग आणि जोडणीचे चित्र एका डब्यात, डब्यावर सरांचे नाव, वर्गाला कायमचा हॉल.

"याच्यात पोरगं चुकन कुठं?" सरांनी विचारले.

"चुकणारच नाही सर! तीच तर गॅरंटी आहे."

सरांनी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणाले. सरांना महिन्याला साठ हजार रुपये मिळणार होते.