देवरामच्या घरचा कडू घास

आमची पोस्ट काश्मीरमध्ये एका नाल्याच्या डोक्यावर होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सगळे मोर्चावर, मग चहा, मग पेट्रोल म्हणजे गस्त, संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. माझा बडी नायक देवराम, मनमाडकडच्या एका खेड्यातला. मी नाशिकजवळच्या झेंडू पिकवणाऱ्या घरातला. फौजेत बडी म्हणजे झोप एकाची, पहारा दुसऱ्याचा. आम्ही तर जेवायचोही एकाच मेस टिनमध्ये.

त्या आठवड्यात देवरामची सुट्टी मंजूर झाली होती. पठ्ठ्याने ती दुसऱ्याला देऊन टाकली. मी त्याला चांगला झापला. आई घरात एकटी वाट बघतेय, लाज वाटते का, म्हटलं.

"जाऊन बोलू कोणाशी?" तो म्हणाला.

मला सगळं ठाऊक होतं. मागच्या सुट्टीत त्याच्या गावाने पाण्याची मोटर चोरल्याच्या संशयावरून एका परक्या मजुराला झोडपून मारलं होतं. मारणाऱ्यांत देवरामचा सख्खा चुलतभाऊ होता. देवरामने डोळ्यांनी पाहिलं ते पोलिसांना सांगितलं, कोर्टात साक्ष द्यायलाही तयार झाला. गावाने त्याला गद्दार ठरवलं आणि घर वाळीत टाकलं. आईला दुकानात मीठ देईनात, गिरणीवाला तिचं दळण घेईना. चुलतभाऊ जामिनावर सुटला तेव्हा त्याची मात्र वाजतगाजत मिरवणूक निघाली.

आमचे सुभेदारसाहेब दर रविवारी मंदिर परेडनंतर नाम, नमक, निशान यांवर बोलायचे. देवराम हळूच मला म्हणायचा, "आपल्याकडं एवढे शब्द नाय रं. आई नुसतं इमान म्हणती." मी हसायचो.

सुट्टी दिल्यामुळे पेट्रोलला त्याचा नंबर लागला. तो पुढे स्काउट, मी त्याच्या मागे. नाला ओलांडताना वरच्या झाडीतून फायर आला. देवराम पडला, पण पडता पडता त्याने अख्खी मॅगझिन रिकामी केली, म्हणून आम्ही मागचे आडोशाला पोहोचलो. गोळी मांडीत वर लागली होती. पट्टी बांधून भागेना, रक्त थांबेना.

रेडिओवर मी पोस्टला कळवलं. "वन कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"धुकं आहे. वेट. ओव्हर."

आम्ही वेट केलं. दुसरं करणार काय? देवराम शुद्धीवर होता. पाणी मागत होता. मग माझी कॉलर धरून म्हणाला, "निरोप आईलाच दे. गावात देऊ नको. तिथलं कोणी घरी सांगाया जायाचं नाय." धुकं दुपारी फाटलं, तोवर तो गेला होता.

मी हे सगळं वर सांगितलं. आईचा मोबाइल लागत नव्हता, म्हणून कोणीतरी गावात फोन केला. आणि तसंच झालं. गावाने फ्लेक्स छापला, चौकात लावला, स्पीकर आणला. आईला वाचता येत नाही. पाणी आणायला निघाली आणि फ्लेक्सवर पोराचा फोटो बघितला. तिला तिथे कळलं. तिला धरायलासुद्धा कोणी पुढे आलं नाही.

शव घेऊन मी गेलो. ओझरला विमान उतरलं, तिथून ट्रक. अख्खा गाव वेशीवर उभा, अमर रहेच्या घोषणांनी कान फाटायची वेळ. खांदा द्यायची वेळ आली तशी भावकी मागे सरली. खांदा आम्ही फौजींनी दिला. चुलतभाऊ झेंडा हातात घेऊन पुढे चालत होता. माझं डोकं सणकलं होतं, पण अंगावर वर्दी होती.

आमच्या भागात मयताच्या घरी चूल पेटत नाही. अग्नी देऊन आलं की भावकी आपापल्या घरून पिठलं-भाकरी घेऊन येते आणि घरच्यांना बळेच खाऊ घालते. त्याला कडू घास म्हणतात. आई उंबऱ्याशी बसून राहिली. दिवस मावळला तरी एक ताट आलं नाही. मी सरपंचाकडे गेलो. तो देशासाठी मेला, म्हटलं, आता तरी सोडा.

सरपंच शांतपणे म्हणाला, "देशाचं देशाला दिलं त्यानं. गावाचं काय?"

आमच्या एस्कॉर्ट पार्टीजवळ पुरी-भाजीची पाकिटं होती. त्यातलं एक तिच्यापुढे ठेवलं. तिने हात लावला नाही. तुझं खाल्लं तर गाव आणायचं थांबंल, म्हणाली.

आता मी रिटायर होऊन इंदिरानगरला राहतो. शाळांत पंधरा ऑगस्टला देशभक्तीवर बोलायला बोलावतात. त्या गावाच्या वेशीवर आता देवरामच्या नावाची कमान आहे, गावाचा सुपुत्र असं लिहिलेली. दर वर्षी चुलतभाऊ तिला हार घालतो. साक्षीदार उरला नाही, खटला ढिला पडला.

मागच्या वर्षी त्या चुलतभावाचा बाप वारला. आईला भेटायला आलेला मी नेमका तिथेच होतो. आईने चूल पेटवली, पिठलं केलं, भाकरी थापल्या, ताट फडक्याने झाकलं आणि निघाली. मी आडवा आलो. कुठे चाललात, म्हटलं, या माणसांनी तुमच्या पोराला काय केलं?

"मयताचं घर हाय," ती म्हणाली. "भावकीनं जायाला लागतं."

मी मागोमाग गेलो. त्यांनी ताट घेतलं आणि तिच्या डोळ्यांदेखत कुत्र्यापुढे ओतलं. आई कुत्र्याचं खाऊन होईपर्यंत थांबली, ताट उचललं आणि त्याच कमानीखालून घरी आली. राखेने ताट घासताना एवढंच म्हणाली, "देवराम असता तर त्योच घेऊन गेला असता."