रिकामी चौकट

माझी ताई हायस्कूलात इतिहास शिकवते. सुरुवातीला मुलं तिच्या तासाला उघड्या डोळ्यांनी झोपायची. मग तिनं कॉमिक्सचा घाट घातला. आपल्या भागाचा इतिहास मुलांनीच शोधायचा आणि चौकटी आखून चित्रांत मांडायचा. मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं डोकं खायला लागली. नियम एकच: ज्या गोष्टीला पुरावा नाही तिची चौकट कोरी ठेवायची आणि खाली लिहायचं, 'खात्रीलायक माहिती नाही.' या बाबतीत ताई कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

यंदाचा विषय होता काचेच्या कारखान्यातला जुना संप. त्या संपात आमचे बाबा शेवटपर्यंत फाटकाबाहेर ठाण मांडून बसले होते, हे ताई दर वर्षी वर्गात सांगायची. मग मलाही ते सगळं रंगवून ऐकवायची.

दहावीतल्या एका चष्मेवाल्या मुलीनं आजोबांकडचा फोटो आणला. बाहेर बसलेले संपकरी, आणि बदली कामगारांना आत घेण्यासाठी फाटक उघडणारा एक माणूस. चेहरा स्वच्छ दिसत होता.

ताई फोटो घेऊन तडक माझ्या घरी आली.

"हे बाबाच ना?"

मी उगाच चष्मा शोधायला लागलो.

"बस खाली. तुला माहीत होतं?"

होतं. शेवटच्या आजारपणात बाबांनीच सांगितलं होतं, वर 'ताईला कळू देऊ नकोस' अशी शपथ घातली होती. बारा वर्षं मी तोंड शिवून बसलो.

"बाबांचं एक वेळ समजू शकते, घाबरले असतील," ती म्हणाली. "पण तू? मी वर्गात उभी राहून मुलांना खोटं सांगत होते आणि तू खुशाल ऐकत होतास!"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"माझ्या वाईट वाटण्याचा ठेका तुला कुणी दिला?"

मलाही राग आला. बाबांनी ओझं माझ्या गळ्यात मारलं आणि बोलणी मी खायची!

शाळेच्या प्रदर्शनाला मी न बोलावताच गेलो. चष्मेवालीचं पान अगदी दर्शनी लावलं होतं. फाटक उघडणारे बाबा, नावानिशी. शेजारी ताईनं स्वतः काढलेलं पान होतं, आमच्या घराचं. ओट्यापाशी आई, खुर्चीत संपाची गोष्ट सांगणारे बाबा, त्यांच्या पायाशी दोन वेण्यांची ताई. एवढं होऊनही बाबांना तिनं हसरं काढलं होतं.

शेवटच्या चौकटीवर लिहिलं होतं, 'माझा भाऊ'. चौकट कोरी होती. खाली ताईच्या वळणदार अक्षरात ओळ होती: 'खात्रीलायक माहिती नाही.'